ट्राउच्या तीन डोलकाठ्या

व्हिडिओ कॉलवर माझ्या डोक्यामागे कपाटावर जे दिसतं ते हाऊसबोट नाही. ईशान, तू मागच्या रविवारी म्हणालास, "आजी, युवर शिप हॅज नो मास्ट्स. आय कॅन थ्री-डी प्रिंट देम फॉर यू." त्यावर मीरा म्हणाली, "डोन्ट, इट लुक्स लाइक अ सॅड शूबॉक्स." मी हसून विषय बदलला, कारण तुमची आई तुम्हाला जेवायला हाक मारत होती आणि ही गोष्ट जेवणाच्या आधी सांगण्यासारखी नाही. आता सावकाश लिहिते. मराठी तुम्हाला वाचता येत नाही, तेव्हा तुमचा बाबा वाचून दाखवील. मधे मधे तो गाळायला बघेल. त्याला म्हणावं, गाळायचं नाही.

ते जहाज माझ्या वडिलांनी, अप्पांनी केलं. आम्ही तेव्हा शारजात खाडीच्या काठावर, एका भांड्यांच्या दुकानावरच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. अप्पा मूळचे वेंगुर्ल्याचे. नव्या बंदरासाठी समुद्राचा गाळ उपसायला एक डच कंपनी आली होती, तिच्यात ते ड्राफ्ट्समन होते. घरात आई, मी आणि माझ्याहून पाच वर्षांनी लहान शैला. आजच्या शारजाशी त्या गावाचा काही संबंध नाही. आज तुमची आत्या मला अल ऐनहून तिकडे नेते तेव्हा आम्ही अर्धा वेळ गाडीत बसून पुढच्या गाडीचे लाल दिवे बघतो. तेव्हा बाल्कनीतून थेट पाणी दिसायचं, खाली लाकडी गलबतं एकाला एक चिकटून उभी असायची, आणि त्यांच्यावरचे खलाशी सकाळी दात घासताना आमच्या घरात काय शिजतंय याचा अंदाज करायचे. मासळीबाजार चालत जाण्याइतका जवळ होता. आईला हिंदीही धड येत नव्हती, पण सुरमईवाल्याशी ती एकाच अरबी शब्दावर सौदा करायची. त्याने भाव सांगितला की ती आपला भाव बोटांवर दाखवायची आणि म्हणायची, "खलास." मग तो कितीही बोलला तरी ती दुसऱ्या माशाकडे बघत राहायची. पिशवी भरून यायची.

अप्पांचे वरिष्ठ यान साहेब म्हणून होते. लाल मानेचे, मोठ्याने हसणारे. अप्पांचा हात रेखीव आहे हे बघून त्यांनी एकदा त्यांना एका जुन्या डच लढाऊ जहाजाच्या नकाशांच्या प्रती दिल्या. जहाजाचं नाव ट्राउ. डच भाषेत ट्राउ म्हणजे निष्ठा. अप्पांनी ते नकाशे जेवणाच्या टेबलावर पसरले, आणि त्यानंतर कित्येक वर्षं आम्ही जमिनीवर बसून जेवलो. गलबतं बांधायच्या जागेवरून ते सागवानाचे तुकडे आणायचे, ते तासायचे, वाफेवर वाकवायचे. सरसाचा वास आमच्या कपड्यांना होता, भुसा भातात होता. दोरखंड आईने केले. शिवणाचा दोरा दुहेरी, तिहेरी पीळ देऊन, मेणातून ओढून, ती त्याचे बारीक बारीक दोर वळायची. दुपारचं सगळं आवरलं की तिचं हे काम सुरू व्हायचं. तिच्या अंगठ्याजवळ त्या पिळाने घट्टा पडला होता. तीन डोलकाठ्या, त्यांना आडव्या काठ्या, आणि त्यांना धरून ठेवणारं ते सगळं जाळं, ते आईच्या बोटांतून आलेलं होतं. अप्पा पाहुण्यांना जहाज दाखवताना "मी केलं" असंच म्हणायचे, आणि आई चहा घेऊन यायची.

जहाजाचे नियम होते. अप्पा माझ्यासारखेच, किंवा मी त्यांच्यासारखी, नियमांची. जहाजाजवळ पळायचं नाही. हत्यारं वापरली की पुसून त्याच जागी ठेवायची. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे खरकट्या हाताने ट्राउला शिवायचं नाही. शैलाने एकदा आंब्याच्या लोणच्याच्या हाताने एक तोफ उचलली होती, तेव्हा अप्पांनी तिला मारलं नाही. त्यांनी कधीच कोणाला मारलं नाही. त्यांनी तिला हल्क केलं.

ते काय, हे सांगायला ट्राउची सगळी कहाणी सांगायला हवी. यान साहेबांनी ती अप्पांना सांगितली आणि अप्पांनी ती आमच्याकडून इंग्रजीत पाठ करून घेतली होती. पाढे म्हणावेत तशी ती आम्ही म्हणायचो. ट्राउ बांधली गेली तेव्हा तिच्या देशातलं ते सगळ्यांत देखणं जहाज होतं. व्यापारी जहाजांची सोबत करत ती पूर्वेच्या समुद्रात हिंडली. इंग्रजांशी एकदा भिडली आणि अंगावर गोळे झेलून परत आली. मग तिच्या देशात दोन पक्ष पडले, आणि पुढच्या खेपेला इंग्रज समोर आले तेव्हा तिच्या खलाशांनी तोफा डागायला नकार दिला. एकही गोळी न सुटता जहाज शत्रूच्या ताब्यात गेलं. निष्ठा नावाचं जहाज, असं म्हणून अप्पा इथे नेहमी थांबायचे. इंग्रजांनी तिला काही वर्षं वापरलं आणि मग तिच्या डोलकाठ्या कापल्या, तिला नदीत साखळदंडांनी बांधलं आणि कैद्यांनी भरलं. अशा तरंगत्या तुरुंगाला हल्क म्हणतात. कैद्यांना वाळकी बिस्किटं आणि पाणी. शेवटी ती फोडून लाकूड विकलं. "हुकूम मोडणाऱ्यांचा शेवट असा होतो," अप्पा म्हणायचे. मला तेव्हाही वाटायचं की हुकूम खलाशांनी मोडला आणि शिक्षा जहाजाला झाली. पण पाढ्यावर कोणी शंका काढत नाही.

तर घरात ज्याचं चुकेल तो हल्क. त्याच्याशी कोणी बोलायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही, आणि बसायचं बाल्कनीत. शारजाच्या उन्हाळ्यात बाल्कनी म्हणजे काय, हे टोरांटोत बसून तुम्हाला कळणार नाही. आमचा खिडकीतला एसी आत गार हवा सोडायचा आणि मागच्या बाजूने सगळी गरम हवा बाल्कनीत ओकायचा. आत जितकं गार, तितकं बाहेर भाजायचं. जेवायला इराण्याच्या भट्टीतला खुब्ज, म्हणजे रोटी, तोही कालचा, कारण बिस्किटं वाळकी होती, आणि पाणी. अप्पा रागावलेले नसायचे. ते चष्मा पुसून कामाला लागायचे. शैला लोणच्यासाठी एक दिवस हल्क होती. संध्याकाळी आत आली तेव्हा तिच्या ओठांची सालं निघाली होती, आणि रात्री जेवताना अप्पांनी स्वतः तिच्या पानात माशाचा मधला तुकडा वाढला. आम्हाला ते प्रेम वाटायचं. बहुधा प्रेमच असेल.

मी शाळेची शेवटची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात मला स्थळ आलं. मुलगा श्रीनिवास, रास अल खैमाला सिमेंटच्या कारखान्यात इंजिनिअर. त्याचे आईवडील पुण्याहून आले होते. मला मुंबईला कॉलेजात जायचं होतं, मामाकडे राहायची सोयही झाली होती, आणि अप्पा नाही म्हणाले नव्हते. "बघून तर घेऊ," एवढंच म्हणाले होते. कांदेपोहे झाले, शैलाने पेटी वाजवली, आणि मग अप्पांनी ट्राउवरचं मलमलीचं कापड काढलं. "मालती, सांग," ते म्हणाले. मी इंग्रजीत पाठ म्हणायला लागले. श्रीनिवासच्या आई म्हणाल्या, "अगं, मराठीत सांग. आम्हाला कळू दे की तुझं कौतुक." मग मी मराठीत सांगितलं. ताब्यात गेलं, डोलकाठ्या कापल्या, तुरुंग केला, फोडलं. त्यांनी विचारलं, "आणि नाव? इंग्रजांनी काय नाव ठेवलं मग?"

"तेच ठेवलं," मी म्हणाले. "ट्राउच."

"बरं झालं विषय निघाला," त्या माझ्या आईकडे वळून म्हणाल्या. "आमच्याकडे सुनेचं नाव बदलतात. श्रीनिवासला पद्मा शोभेल. हो की नाही रे?"

"पद्मा छान आहे," श्रीनिवास म्हणाला. "शॉर्ट आहे. मला तर ऑफिसात सगळे नीवास म्हणतात. पहिले पहिले मी बघायचोच नाही. मग सवय होते." तो वाईट मुलगा नव्हता. पोहे त्याने दोनदा मागून घेतले होते.

ही पद्धत तुम्हाला ठाऊक नाही. आपल्याकडे लग्न लागून मुलगी सासरी आली की ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा सोन्याच्या अंगठीने त्यात तिचं नवं नाव लिहितो. त्या क्षणापासून तिचं नाव तेच. आईचंही तसंच झालं होतं. ती माहेरची कुंदा. अप्पांनी तांदळात सुमती लिहिलं, आणि सगळं घर तिला सुमती म्हणू लागलं. मला यात कधी काही गैर वाटलं नव्हतं. त्या दिवशीही मी काही ठरवून बोलले नाही. पाठ म्हणता म्हणता पुढची ओळ यावी तसं ते तोंडातून आलं.

"शत्रूनंसुद्धा तेच नाव ठेवलं," मी म्हणाले, "आणि तुम्हाला ते जड जातंय."

श्रीनिवासचे वडील खोकले. त्याच्या आईंनी बशी खाली ठेवली आणि अप्पांना म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे. जरा वळण लावा. आम्ही या महिन्याच्या शेवटी पुण्याला जातोय, तोवर कळवा." म्हणजे स्थळ मोडलं नव्हतं. मोडलं असतं तर बरं झालं असतं.

पाहुणे गेल्यावर अप्पांनी जहाजावर कापड घातलं, बेसिनवर जाऊन हात धुतले आणि पुसत पुसत बाहेर आले. आवाज नेहमीचाच होता. "आजपासून या घरात पद्मा राहते," ते म्हणाले. "पद्मा म्हणून हाक मारली जाईल. ओ दिली की ती आत येईल, पंगतीत बसेल, तिच्याशी सगळे बोलतील. नाही दिली तर बाल्कनी. दुसरं नाव कोणी घ्यायचं नाही. सुमती, कळलं?"

"कळलं," आई म्हणाली.

हाक मारायचं काम शैलाला दिलं होतं. जेवणाच्या वेळी ती बाल्कनीच्या दाराशी यायची. "पद्मा, जेवायला ये." मी गलबतांकडे बघत राहायची. "पद्मा, आज सुरमईचं तिखलं आहे." मी गलबतं मोजायची. "पद्मा, सोलकढी पण आहे, ओ दे ना, काय जातंय तुझं?" मग ती आत जाऊन सांगायची, "अप्पा, ओ नाही दिली," आणि ताट उचलल्याचा आवाज यायचा. पहिल्या दिवशी तिचा आवाज रडवेला होता. पुढे तिला त्यात गंमत वाटायला लागली. ती चाल लावून हाक मारायची, काचेला नाक चिकटवून जीभ दाखवायची. एकदा तिने भिजवलेल्या रुमालाचं पाणी दाराच्या फटीतून माझ्याकडे सोडलं आणि म्हणाली, "कैद्यांना समुद्र." तिचा राग करू नका, ती लहान होती, आणि लहान मुलांना खेळ कळतात.

आईने एकदाही नियम मोडला नाही. तुम्हाला वाटेल ती मला चोरून काही देत असेल. नाही. ती खुब्ज आणि पाणी ठेवायची, माझ्याकडे न बघता, आणि दार लावून घ्यायची. काचेतून मला ती दिसायची, भिंतीला टेकून बसलेली, दोऱ्याला पीळ देताना. ट्राउच्या शेवटच्या डोलकाठीचे दोर व्हायचे होते. यान साहेब नव्या धक्क्याच्या ऑफिसात काचेच्या पेटीत ते जहाज ठेवणार होते. अप्पांनी त्या दिवसासाठी नवा कोट शिवायला टाकला होता. जहाजाच्या मागच्या बाजूला नाव रंगवायचं तेवढं त्यांनी अगदी शेवटासाठी राखून ठेवलं होतं.

मला उन्हाने ताप चढला. डोळ्यांपुढे गलबतं हलायला लागली, जी बांधलेली होती तीही. एका दुपारी अप्पा जेवायच्या सुट्टीत घरी आले. उद्या पाहुण्यांना कळवायचा दिवस होता. शैलाने हाक मारली, आणि मी तोंड उघडलं. खरं सांगते, मी ओ देणार होते. पोटात भुकेची आग होती, एसीची हवा पाठीवर होती, आणि पद्मा हे काही वाईट नाव नव्हतं. पण घसा इतका कोरडा होता की आवाज फुटला नाही. नुसते ओठ हलले. शैला आत वळून म्हणाली, "नाही दिली." आई मात्र वाढता वाढता काचेकडे बघत होती. तिने माझे ओठ हललेले बघितले.

तिने अप्पांच्या पानात भात वाढला, त्यावर आमटी घातली. अप्पांनी कालवायला घेतलं. मग ती उठली, पदर खोचला, हत्यारांच्या पेटीतून बारीक दातांची करवत काढली, ट्राउवरचं कापड बाजूला केलं आणि पुढच्या डोलकाठीच्या बुडाशी करवत लावली.

"सुमती," अप्पा म्हणाले.

तिने ओ दिली नाही. करवत चालत राहिली.

अप्पा उठले. दोन पावलांत ते जहाजापाशी पोचले असते. पण त्यांचा उजवा हात आमटी-भाताने माखलेला होता. तो हात त्यांनी पुढे केला, बघितला, आणि ते थबकले. मग ते बेसिनकडे धावले. अप्पांना धावताना मी तेवढं एकदाच पाहिलं. नळाला त्या दिवसांत दुपारी पाणी कमी यायचं. ते साबण लावून हात चोळत होते, आणि आत पहिली डोलकाठी आपल्या सगळ्या जाळ्यासकट कोसळली. दुसरी मधली होती, जाड. तिने वेळ घेतला, पण आईचा हात कामाला सरावलेला होता. अप्पा टॉवेल घेऊन परत आले तेव्हा ती तिसरीवर होती. स्वतः वळलेले दोर ती करवतीच्या दातांनी तोडत होती. तिसरी पडली तेव्हा तिने करवत पुसली, पेटीत तिच्या जागी ठेवली, आणि भुसा पदराने झटकला.

"खलास," ती म्हणाली. "घरात एकच हल्क पुरे. पोरीला आत घेते."

आणि तिने बाल्कनीचं दार उघडून मला हाक मारली. "मालती." मी ओ दिली की नाही ते मला आठवत नाही. शैला म्हणते, मी नुसती आत पडले.

"अहो, मी दिली होती ओ," आई मला पाणी पाजताना अप्पांना म्हणाली. "सुमती म्हणालात त्या पहिल्याच दिवशी दिली होती. तेव्हा तुम्हाला ही किती सोपी गोष्ट वाटली असेल, नाही का?"

अप्पा पुन्हा पानावर बसले आणि राहिलेला भात जेवले, कारण पानात टाकायचं नाही हाही त्यांचाच नियम. पाहुण्यांना त्यांनी नकार कळवला. मला मुंबईला पाठवलं, फी वेळेवर भरली, आणि विमानतळावर माझ्या डोक्यावर हात ठेवला. यान साहेब जहाज न्यायला घरी आले तेव्हा ते कोट घालून तयार होते. "शेवटची अवस्था दाखवलीय, सर," ते इंग्रजीत म्हणाले. यान साहेबांनी ते उचलून फिरवून बघितलं आणि खो खो हसले. "व्हेरी अॅक्युरेट," ते म्हणाले. "पण मित्रा, तुरुंग कोण टेबलावर ठेवतो?" ते चहा पिऊन रिकाम्या हाताने गेले.

आईशी मात्र अप्पा त्या दुपारनंतर कधीच बोलले नाहीत. तुमच्या बाबाला हे अतिशयोक्ती वाटतं. त्याने ते दोघं म्हातारे झाल्यावर बघितले आणि त्याला वाटलं, अप्पा मितभाषी आहेत. ते शैलाला म्हणायचे, "आईला सांग, मीठ कमी आहे," आणि आई समोर बसलेली असायची. शैलाचं लग्न झालं, ती आता पुण्यात शर्वरी आहे आणि मजेत आहे. मग निरोप द्यायला कोणी उरलं नाही, तेव्हा अप्पा पेल्यावर चमचा वाजवायचे. एकदा वाजवला की पाणी, दोनदा की ताक. हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यातही चमचा उशाशी होता. नर्सला वाटायचं, तिलाच बोलावतायत. ती धावत यायची आणि अप्पा मान हलवून तिला परत पाठवायचे. आई खुर्चीतून उठायची, पाणी द्यायची. चमचा वाजेल याची ती वाट बघत असे, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे.

माझ्या लग्नात तुमच्या आजोबांनी तांदळात मालती लिहिलं. भटजी म्हणाले, "अहो, नवं लिहायचं." आजोबा म्हणाले, "नवंच आहे, मला." तेवढं एक सुख या प्रकरणात आहे ते सांगून ठेवते.

अप्पा गेल्यावर आई अल ऐनला माझ्याकडे आली आणि ते जहाज बरोबर घेऊन आली, जुन्या साडीत गुंडाळून. मागच्या बाजूला नाव कधीच रंगवलं गेलं नाही. ती जागा अजून कोरी आहे, हवं तर कॉलवर दाखवीन. एका सकाळी ती टेबलाशी मेथी निवडत होती. सुमती म्हणून तिला हाक मारणारा माणूस तर त्या दुपारीच गप्प झाला होता. माझ्या मनात आलं, तिला तिचं पहिलं नाव परत द्यावं. मी स्वयंपाकघरातून, मुद्दाम सहज आवाजात, हाक मारली. "कुंदा."

ती मेथी निवडत राहिली. मी पुन्हा हाक मारली. तिने मागे वळून दाराकडे बघितलं, कोणी आलंय का म्हणून. "कुणाला बोलावतेस गं?" तिने विचारलं. "बाई ठेवलीस का कामाला?"

तेव्हा ईशान, तुझं ते मशीन चांगलं आहे. त्यावर मीराला काहीतरी करून दे. मी गेल्यावर जहाज तुमच्याकडे येईल. नको असेल तर टाकून द्या, मला वाईट वाटणार नाही. पण ठेवणार असाल तर डोलकाठ्या बसवू नका. त्या आईने कापल्या आहेत.